श्रीलंकेची सहल, जाफना वगळून: युद्धानंतरचा हिशेब कोणाकडे मागायचा?

धामकाठचा (जि. वर्धा)

आमच्या विहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या श्रीलंका सहलीचं पत्रक फिरतंय. अनुराधापूरचा बोधिवृक्ष, मिहिंतले, कँडीचं दंतधातू मंदिर, शेवटी कोलंबोत खरेदी. नागपूर ते नागपूर, जेवणखाण धरून. आईबाबांनी नाव नोंदवलंय, तूर विकली की पैसे भरायचे आहेत. त्यांनी जावंच, माझी काही तक्रार नाही. पण पत्रकावरच्या नकाशात अनुराधापूरच्या वर बेटच संपतं. पुढे निळं पाणी. प्रत्यक्षात तिथे वावुनिया आहे, किलिनोच्ची आहे, मुल्लैतीवू आहे, जाफना आहे. छापणाऱ्याने जागा वाचवली असेल, पण कापायला नेमका तोच भाग सापडला.

त्याच भागात, नंदिकडल नावाच्या खाजणाच्या काठी, मे २००९ मध्ये सव्वीस वर्षांचं युद्ध संपलं. शेवटच्या महिन्यांत सरकारने 'इथे गोळीबार होणार नाही' असं सांगून काही पट्टे जाहीर केले. लोक लेकराबाळांसह तिथे गोळा झाले आणि तोफगोळे तिथेच पडले, दवाखान्यांवरही पडले. दुसरीकडे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या तमिळ वाघांनी (लिट्टे) याच लोकांना ढाल म्हणून अडवून ठेवलं, निसटू पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, शाळकरी पोरं घरातून ओढून लढायला नेली. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी नेमलेल्या समितीने २०११ च्या अहवालात लिहिलं की मेलेल्या नागरिकांचा आकडा ४० हजारांपर्यंत असू शकतो. नागरिकांचा एकही बळी जाऊ द्यायचा नाही हेच आमचं धोरण होतं, असं सरकार छातीठोकपणे सांगत राहिलं.

पुढे काय झालं? मिरुसुविल नावाचं एक गाव आहे. डिसेंबर २००० मध्ये आपली सोडून आलेली घरं बघायला गेलेल्या आठ तमिळ माणसांना सैनिकांनी मारून पुरलं. त्यात लहान मुलं होती. एक जण निसटला म्हणून तरी कळलं. जवळपास पंधरा वर्षांनी, २०१५ मध्ये, एका सार्जंटला फाशीची शिक्षा झाली, २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मार्च २०२० मध्ये जग करोनात गुंतलेलं असताना राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी त्याला माफी देऊन सोडून दिलं. हे गोटाबाया कोण? युद्धाच्या शेवटी संरक्षण सचिव होते तेच. इतक्या मोठ्या युद्धात दोषी ठरले ते खालच्या हुद्द्याचे मोजके सैनिक, आणि माफीची लेखणी युद्धाच्या शेवटी संरक्षण खातं चालवणाऱ्याच्या हातात.

मला पडलेला प्रश्न असा. आपण बौद्ध आहोत, वऱ्हाड-नागपूरचे आहोत. १९५६ साल आपल्याला पाठ असतं. त्याच वर्षी, दीक्षाभूमीच्या सोहळ्याच्या चार महिने आधी, श्रीलंकेत 'फक्त सिंहली' हा राजभाषेचा कायदा झाला आणि तमिळ माणूस स्वतःच्याच सरकारी कचेरीत परका झाला. बुद्ध जयंतीचं तेच अडीच हजारावं वर्ष. इकडे धम्म आला तो दबलेल्यांचा आधार म्हणून. तिकडे तो बहुसंख्यांच्या हातातला दंडुका झाला. खैरलांजीनंतर आपण रस्त्यावर उतरलो तेव्हा मागत काय होतो? दोषी ठरवा, नावं घ्या, झाकू नका. तीच मागणी किलिनोच्चीच्या रस्त्यावर बसलेल्या, बेपत्ता पोरांच्या आया २०१७ पासून करतायत. मग आपल्याला ती ऐकू का येत नाही?

मतं मांडा. भांडलात तरी चालेल.


काळीमाती

वाचतोय. पहिला पेरा वाचून आमच्या ग्रुपवरचं पत्रक उघडून पाहिलं. तसंच आहे.


रोखठोक_वऱ्हाडी (जि. अकोला)

राजेहो, इथं सोयाबीनले भाव नाई, शेजारच्या गावात मागच्या महिन्यात एकानं फवारणीचं औषध घेतलं, अन् तुम्हाले किलिनोच्ची आठवून राहिली. त्या वाघांनी राजीव गांधींले मारलं, मशिदीत नमाज पढणाऱ्याइले मारलं. एका आतंकवादी टोळीले सरकारनं संपवलं, विषय संपला. आता एवढ्या वर्षांनी हिशेब कायचा?


धामकाठचा

@रोखठोक, वाघांचं पाप मी लपवलेलं नाही, वर लिहिलंय. अजून लिहितो. ऑगस्ट १९९० मध्ये कात्तनकुडीच्या मशिदींत शंभरावर माणसं मारली. त्याच ऑक्टोबरात उत्तरेतले सगळे मुसलमान, सत्तर हजारांच्या वर, हाकलून लावले. जाफना शहरातल्यांना दोन तास दिले होते. अंगावरचे कपडे आणि थोडेसे पैसे एवढंच न्यायची मुभा. त्यांच्यातली कित्येक कुटुंबं पुत्तलमच्या छावण्यांत म्हातारी झाली.

म्हणजे हिशेब दोन्हीकडून येणं आहे. वाघांचे बहुतेक पुढारी मेले. जे उरले त्यातला करुणा २००४ मध्ये फुटून सरकारच्या बाजूला गेला आणि पुढे उपमंत्री झाला. त्याच्यावर लहान पोरं पळवून नेल्याचे आरोप आहेत, १९९० मध्ये शरण आलेल्या शेकडो पोलिसांच्या हत्येत त्याचं नाव घेतलं जातं. त्या पोलिसांत सिंहली होते, मुसलमान होते. त्यांच्या घरच्यांना तरी न्याय मिळाला का? 'आतंकवादी संपवले' म्हणून पाठ थोपटणाऱ्या सरकारनेच त्यातला एक मांडीवर घेतला. झाकायचं ठरलं की फक्त शत्रूचंच झाकलं जात नाही.


जयभीम_५६

धागाकर्त्याची तळमळ समजते, पण भाषा जपून वापरावी. बाबासाहेब १९५० साली कोलंबोला बौद्ध परिषदेसाठी गेले होते. त्या देशाने आपल्याला भन्ते दिले, ग्रंथ दिले. आज आपल्या पोरांनी त्यांच्यावर 'दंडुका' म्हणून लिहावं? बौद्ध राष्ट्रांची बदनामी करणारे जगात पुष्कळ आहेत, त्यात आपली भर नको. भिक्खू संघ युद्ध करत नाही.


धामकाठचा

काका, जय भीम. तुमच्याशी वाद घालायची माझी लायकी नाही, पण दोन गोष्टी समोर ठेवतो.

एक. 'फक्त सिंहली'चा कायदा आणणारे पंतप्रधान बंडारनायके यांचा खून सप्टेंबर १९५९ मध्ये झाला, आणि गोळ्या झाडणारा चीवरधारी भिक्खूच होता. ज्या लाटेवर ते निवडून आले त्याच लाटेने त्यांना बुडवलं. २०१२ मध्ये बोदु बल सेना नावाची संघटना निघाली, पुढे भिक्खूच. २०१४ मध्ये अलुत्गमात मुसलमानांची घरं-दुकानं जळाली त्याआधी त्यांच्याच सभेतली भाषणं झाली होती. हे शत्रूने रचलेलं नाही.

दोन, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बेपत्ता झालेली पोरं फक्त तमिळ नाहीत. १९८७ ते ९० या काळात दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुना या डाव्या सिंहली पक्षाचं दुसरं बंड झालं तेव्हा हजारो सिंहली बौद्ध पोरं उचलली गेली, टायर टाकून रस्त्यावर जाळली गेली. बंडखोरांनीही मारली, सरकारने त्याहून कितीतरी जास्त. त्या सिंहली आयांच्या तक्रारी आणि फोटो घेऊन सप्टेंबर १९९० मध्ये विरोधी पक्षाचा एक खासदार जिनिव्हाला, संयुक्त राष्ट्रांकडे, निघाला होता. विमानतळावर पोलिसांनी त्याची कागदपत्रं हिसकावली. त्या खासदाराचं नाव महिंदा राजपक्षे. हेच गृहस्थ वीस वर्षांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून सांगत होते की जिनिव्हाचा आमच्या घरात संबंध काय.

आपण बदनामी करतोय की त्या उपासिकांच्या बाजूने उभे राहतोय, तुम्हीच ठरवा.


जयभीम_५६

महिंदांचं हे माहीत नव्हतं. तरी 'दंडुका' शब्द मागे घे.


सेतूवाली (जि. यवतमाळ)

मी सेवा केंद्र चालवते, दिवसभर दाखले काढते. राजकारणात मला गती नाही, पण 'बेपत्ता' या शब्दाशी रोजचा संबंध येतो म्हणून लिहिते.

आमच्या इथे एक बाई येते. नवरा सुरतेकडे कामाला गेला तो परतला नाही. खून नाही, युद्ध नाही, नुसता गेला. तिच्याकडे पोलिसांच्या 'मिसिंग'च्या नोंदीची झेरॉक्स आहे, इतक्यांदा घडी घातलेली की तारीख घडीत गेली. सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव. वारस नोंदीला मृत्यूचा दाखला पाहिजे. मृत्यूचा दाखला मिळत नाही, कारण मेला असं कोण म्हणणार? निराधार योजनेत विधवा म्हणून बसत नाही. परित्यक्ता म्हणून अर्ज भर म्हटलं तर म्हणते, त्यांनी मला टाकलं नाही हो मॅडम. सात वर्षं ऐकिवात नसेल तर मेला असं धरता येतं, पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं, आणि कोर्टात सासू साक्ष द्यायला तयार नाही. पोरगा मेला असं तिच्या तोंडून निघत नाही.

हे एका घरचं. तिकडे अशी किती हजार घरं असतील, आणि नेणारा कोण होता हे घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांच्या कागदांचं काय केलं तिथे? कोणाला माहीत असेल तर सांगा.


कोर्टाची_पायरी (नागपूर)

@सेतूवाली, तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. श्रीलंकेने २०१६ मध्ये कायदा बदलून 'गैरहजेरीचा दाखला' आणला. माणूस मेला असं न म्हणता, तो नाही एवढं सरकार मान्य करतं. त्यावर घरच्यांना बँक, जमीन, सरकारी मदत यांचे व्यवहार करता येतात. तुमच्या त्या सासूबाईंना असला दाखला मिळाला असता तर सही करायला हात कापला नसता. त्याच वर्षी बेपत्तांच्या शोधासाठी स्वतंत्र कार्यालयाचा कायदा झाला, पण माणसं नेमून ते सुरू व्हायला २०१८ उजाडलं. २०१८ मध्येच माणूस गायब करणं हा वेगळा गुन्हा ठरवणारा कायदाही आला.

कागदावर श्रीलंका आपल्या पुढे आहे. भारताने गायब करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर २००७ मध्ये सही केली आणि अजून तो मंजूर केलेला नाही. आपल्याकडे असा वेगळा गुन्हाच नाही.

अडतं कुठे ते सांगतो. त्या कार्यालयाला शोध घेता येतो, खटला भरता येत नाही. खटला भरणार महाधिवक्ता, आणि तोच सरकारचा वकील. साक्षीदार गावात राहतो आणि गावाबाहेर लष्कराची छावणी आहे. जानेवारी २००६ मध्ये त्रिंकोमालीच्या समुद्रकिनाऱ्यावर पाच विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या, त्या प्रकरणात विशेष पोलीस दलाचे तेरा जण आरोपी होते. २०१९ मध्ये पुराव्याअभावी सगळे सुटले. साक्षीदार देश सोडून गेले होते, इथे येऊन मरायचं कोणी?

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने यावर उपाय सुचवला होता: देशी आणि परदेशी न्यायाधीश एकत्र बसवून विशेष न्यायालय. तेव्हाच्या सिरिसेना सरकारने जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत, तशा ठरावाला सहप्रस्तावक म्हणून पाठिंबाही दिला. घरी आल्यावर मात्र परदेशी न्यायाधीश चालणार नाहीत असं सुरू झालं. २०२० मध्ये गोटाबाया सरकारने त्या ठरावातून अंग काढून घेतलं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा रस्ता बंद, कारण श्रीलंका त्याची सदस्य नाही (आपणही नाही). सुरक्षा परिषदेकडून प्रकरण पाठवायचं तर नकाराधिकार चीन-रशियाच्या खिशात.

पैशाचं राहिलंच. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने दर बेपत्ता माणसामागे एक लाख श्रीलंकन रुपये देऊ केले. पुष्कळ आयांनी घेतले नाहीत. पैसे घेतले की फाइल बंद, ही भीती.


काळीमाती

'गैरहजेरीचा दाखला' हे पहिल्यांदाच ऐकलं. वाचनखूण साठवली.


निवृत्त_हवालदार (ता. चिमूर)

नातवानं हा धागा दाखवला, त्यालेच टाइप करायले बसवलं. मी महार रेजिमेंटमधी होतो. सागरले ट्रेनिंग. ८७ मधी आमाले सांगतलं का शांतिसेना म्हणून चाललो, हत्यारं जमा करून घ्यायची अन् परत यायचं. पयले पयले लोकं हार घालत होते. ऑक्टोबरात सारं पलटलं. ज्याइच्याशी लढून राहिलो त्याइले ट्रेनिंग आपल्याच लोकायनं देलं होतं, हे आमाले तिथं गेल्यावर समजलं. नकाशे जुने, भाषा येत नाई, समोरचा लुंगीवाला शेतकरी हाय का वाघ हाय सांगता येत नाई. पाय ठेवला तिथं सुरुंग. आमच्याच रेजिमेंटचे मेजर परमेश्वरन, २५ नोव्हेंबर ८७ ले गेले. छातीत गोळी लागल्यावरबी समोरच्याची रायफल हिसकून त्याले मारलं. परमवीर चक्र भेटलं. असे जवळपास बाराशे जवान आपले तिथं गेले. वापस आलो मार्च ९० मधी, मद्रासले उतरलो त राज्याचे मुख्यमंत्री स्वागताले आले नाई. गावात आलो त लोकं म्हणे, लढाई झालती का तिथं? पाकिस्तानसंग झाली असती त पेपरात फोटो आला असता.

हे पोट्टं हिशेब मागते ते बरोबर हाय. पन मंग जाफन्याच्या दवाखान्याचाबी माग. ८७ ची दिवाळी होती. मी तिथं नव्हतो, पन बातमी कानावर आल्याशिवाय राहते का. आमाले चौकशीचं कोणी काई सांगतलं नाई, विचारलंबी नाई. अन् एक विचारतो, साधा जवान जो हुकूम पाळते त्यालेच धरसान का? ज्यानं दिल्लीत बसून नकाशावर बोट ठेवलं त्याले कोण धरीन?


धामकाठचा

आजोबा, सलाम. मी मुद्दामच थांबलो होतो, तिथे असलेल्या माणसाने आधी लिहावं म्हणून.

इतरांसाठी: २१ ऑक्टोबर १९८७ ला भारतीय सैनिक जाफनाच्या सरकारी दवाखान्यात शिरले. साठ-सत्तर माणसं मेली. रुग्ण होते, डॉक्टर होते, परिचारिका होत्या. आतून गोळीबार झाला, दोन्हीकडच्या गोळ्यांत माणसं सापडली, हे सैन्याचं म्हणणं. वाचलेले कर्मचारी सांगतात की हात वर करून आलेल्यांनाही मारलं. ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टितुरै गावात वाघांच्या हल्ल्यात सहा जवान गेल्यावर पन्नासहून जास्त गावकरी मारले गेले. यातल्या कशासाठीही भारतात कोणावर उघड खटला चालला नाही. जिनिव्हात आपला देश २०१२, २०१३ ला श्रीलंकेवरच्या ठरावाच्या बाजूने होता, २०१४, २०२१ आणि २०२२ ला तटस्थ. तटस्थ राहण्यामागे चीन आहे, शेजार आहे, सगळं मान्य. पण चौकशीचं दार उघडलं तर आपलंही नाव निघेल, हे कारण कोणी मोठ्याने बोलत नाही.


रोखठोक_वऱ्हाडी

घ्या! आता आपल्याच सैन्यावर आले. याच्यासाठीच म्हटलं होतं, धागा कुठं जाईन ते दिसून राहिलं होतं. जवानाइच्या जिवावर शांत झोपता अन् त्याइच्यावरच लिहिता.


निवृत्त_हवालदार

अरे बाबू, मी जवानच हाय ना. लिहू दे त्याले.


कोर्टाची_पायरी

हवालदार साहेबांच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. वरिष्ठाला माहीत होतं, किंवा माहीत असायला हवं होतं, आणि त्याने थांबवलं नाही किंवा नंतर शिक्षा केली नाही, तर तो स्वतः दोषी ठरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी जनरल यामाशिता याच तत्त्वावर फासावर गेला. नीचातला नीच हुकूम पाळणाऱ्यालाही पूर्ण सुटका नाही, पण वरचा आधी. अडचण एवढीच की हे तत्त्व हरलेल्यांना लावायला सगळे तयार असतात. श्रीलंकेत ५८व्या डिव्हिजनचे तेव्हाचे प्रमुख शवेंद्र सिल्वा यांच्यावर शेवटच्या लढाईचे गंभीर आरोप आहेत, आणि त्यांनाच २०१९ मध्ये लष्करप्रमुख केलं.

आपल्याकडचंही एक उदाहरण घ्या, हवेत बोलायला नको. काश्मिरात मार्च २००० मध्ये पथरीबलला पाच गावकऱ्यांना 'परदेशी अतिरेकी' म्हणून मारलं. सीबीआयने तो थंड डोक्याने केलेला खून ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सैन्याला विचारलं, लष्करी न्यायालय की साधं? सैन्याने प्रकरण आपल्याकडे घेतलं आणि २०१४ मध्ये पुरावा नाही म्हणून बंद केलं. ज्याच्यावर आरोप त्याच्याच कपाटात फाइल. मिरुसुविलच्या माफीवर हसण्याआधी हे आठवावं.


मोहफूल (जि. गडचिरोली)

शाळेत शिकवते, नेटवर्क येतं तेव्हा वाचते. आमच्याकडच्याला यादवी युद्ध म्हणावं की नाही यावर कृपया वाद नको, पण 'नंतर काय' हा प्रश्न आमच्या दारात येऊन उभा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवून आला. चांगलं झालं. एटापल्ली-भामरागडकडची माणसं पहिल्यांदा मोकळा श्वास घेतायत, हे मी रोज पाहते.

पण माझ्या वर्गात अशी लेकरं येऊन गेली ज्यांच्या बापाला 'खबऱ्या' म्हणून रात्री नेलं आणि सकाळी रस्त्यावर चिठ्ठीसकट टाकलं. मारणाऱ्यांची स्मारकं रानात लाल रंगाची असायची. पोलीस शहिदांची स्मारकं ठाण्यासमोर आहेत. या बापाचं स्मारक कुठेच नाही. शरण येणाऱ्याला पुनर्वसन योजना आहे, बक्षीस आहे, शिलाई मशीन आहे. त्याला कोणी विचारतं का, अमुक गावच्या अमक्याला का मारलं, कोणी सांगितलं होतं? एक कागद भरून घ्यायला काय हरकत आहे? शिक्षा नंतर बघू.

आणि दुसऱ्या बाजूचंही. सीमेपलीकडे छत्तीसगडच्या विजापूर जिल्ह्यात सारकेगुड्याला जून २०१२ मध्ये सतरा माणसं 'नक्षली' म्हणून मारली. न्यायिक आयोगाने २०१९ मध्ये सांगितलं की ती माणसं माओवादी असल्याचा पुरावा नाही. त्यानंतर काय हललं? गोंडीत बोलणाऱ्या बाईला आयोगासमोर दुभाषी लागतो, यातच अर्धी साक्ष गळून जाते.


रोखठोक_वऱ्हाडी

मोहफूल ताई, तुमचं पटलं. खबऱ्या म्हणून मारलेल्यांचं कोणी बोलत नाई हे खरं हाय. पण मग उपाय काय? नेपाळात आयोग नेमले होते ना, काय उखाडलं?


कोर्टाची_पायरी

नेपाळ म्हणजे आयोग नेमून वेळ कसा काढावा याचा धडाच आहे. २००६ ला शांतता करार, त्यात बेपत्तांची माहिती साठ दिवसांत द्यायचं वचन. आयोग आले २०१५ ला. सत्यशोधन आयोगाकडे साठ हजारांवर तक्रारी गोळा झाल्या आणि ढीग तसाच राहिला. का? माओवादी आणि लष्कर दोघेही सत्तेच्या जवळ, दोघांनाही ढीग उपसायचा नव्हता. पंधरा वर्षांच्या मैना सुनुवारला २००४ मध्ये लष्कराच्या बराकीत छळ करून मारलं. २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयाने तीन अधिकाऱ्यांना जन्मठेप दिली, तीही ते गैरहजर असताना. कोणी पकडून आणलं नाही.

पण 'काहीच होत नाही' हेही खोटं. ग्वाटेमालात रिओस मॉन्त या माजी हुकूमशहाला २०१३ मध्ये त्याच्याच देशातल्या न्यायालयाने माया आदिवासींचा वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांसाठी ८० वर्षांची शिक्षा सुनावली. दहा दिवसांत वरच्या न्यायालयाने ती फिरवली, खरं आहे. पण इशिल या माया जमातीच्या बायकांनी भर न्यायालयात, दुभाष्यामार्फत, त्याच्या समोर बसून साक्ष दिली. ती नोंद कोणाला पुसता आली नाही. मोहफूल ताई, दुभाषीच होता तिथेही.

श्रीलंकेपुरतं सांगायचं तर २०२१ च्या ठरावाने जिनिव्हात पुरावे जमा करून जपून ठेवायची वेगळी व्यवस्था झाली आहे. आज न्यायालय नाही, पण उद्या एखादा आरोपी एखाद्या देशात उतरला तर तिथल्या वकिलाला कागद मिळावा. मार्च २०२५ मध्ये ब्रिटनने शवेंद्र सिल्वा आणि करुणा यांच्यासह चौघांवर निर्बंध घातले. दोन्ही बाजूंची नावं एकाच यादीत, हे मला आवडलं.


सेतूवाली

आणि प्रेतं? ती सापडली का कुठे?


धामकाठचा

सापडतायत. जाफनाजवळ चेम्मणी आहे. १९९६ मध्ये कृशांती कुमारस्वामी नावाची शाळकरी मुलगी परीक्षा देऊन परतताना तिथल्या नाक्यावर अडवली गेली. बलात्कार करून मारली. शोधायला गेलेली आई, भाऊ आणि शेजारी, तिघंही मारले. त्या खटल्यात दोषी ठरलेल्या एका सैनिकानेच १९९८ मध्ये सांगितलं की इथे तीन-चारशे प्रेतं पुरली आहेत. १९९९ मध्ये उकरलं, पंधरा सांगाडे निघाले आणि काम थांबलं. २०२५ मध्ये जवळच्याच स्मशानभूमीत बांधकामासाठी खणताना पुन्हा हाडं लागली. दोनशेहून जास्त सांगाडे निघाले, त्यात तान्ही बाळं. एका ठिकाणी शाळेचं दप्तर आणि खेळणी. लोकांना ओळख पटवायला बोलावून वस्तू मांडून दाखवल्या.

आताचे राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमार दिसानायके त्याच जनता विमुक्ती पेरमुनाचे, ज्यांची पोरं ८९ मध्ये गायब झाली. बटलंदा छळछावणीचा दाबून ठेवलेला अहवाल त्यांच्या सरकारने मार्च २०२५ मध्ये संसदेत ठेवला. स्वतःच्या मेलेल्यांचा अहवाल काढला. तमिळांच्या मेलेल्यांपर्यंत ते जातात का, त्यावर मी त्यांना मोजणार आहे.


जयभीम_५६

सहलवाल्याशी फोनवर बोललो. म्हणतो जाफन्याला एक दिवस वाढवता येईल, नागदीपाचं विहारही तिकडेच आहे, माणशी खर्च वाढेल. जाफन्याचं जळालेलं ग्रंथालय पुन्हा बांधलंय म्हणे. १९८१ मध्ये जाळलं तेव्हा ९७ हजार पुस्तकं गेली. बाबासाहेबांच्या लेकरांनी ते पाहायला पाहिजे. ज्यांना एक दिवस वाढवायचा आहे त्यांनी मला कळवा. 'दंडुका'वर माझा आक्षेप कायम आहे.


धामकाठचा

काका, आईबाबांची दोन नावं लिहून घ्या.

हवालदार आजोबा, तुमची हरकत नसेल तर मी चिमूरला येऊन तुमचं सगळं रेकॉर्ड करून घेतो. नाव छापायचं की नाही ते तुम्ही सांगाल तसं. रविवारी येऊ का?


निवृत्त_हवालदार

रविवारी नको, बाजार असते. सोमवारी ये, दुपारून. सकाळी वावरात असतो. अन् रेकॉर्डिंगचं मशीन चांगलं आण, मले एका कानानं कमी आयकू येते, मोठ्यानं बोलतो मी.